कापऱ्या हातांवरचा तुंदुक

मी तुंदुक बोलतोय. इकडे तिकडे काय बघताय? वर बघा, वर! नमद्याच्या, म्हणजे दाबून थापलेल्या लोकरीच्या, गोल घरात शिरलात की डोक्यावर, बरोबर मधोमध, वाकवलेल्या पट्ट्यांचं जे मोठं लाकडी कडं दिसतं ना, ज्यातून धूर बाहेर जातो आणि उजेड आत येतो, तो मी. भिंतींच्या जाळ्या बदलतात, नमदे कुजतात, वासे मोडतात, दोरांचं तर विचारूच नका. मी मात्र तोच राहतो. आमच्याकडे कुणाचा फार संताप आला तर "तुझा तुंदुक पडो" असा शाप देतात. म्हणजे मी कुणी ऐरागैरा नाही. जरा मान देऊन ऐका.

मला सादिरच्या आजोबांनी घडवलं. नदीकाठचा ओला भूर्ज तोडला, शेणाच्या उबेत पुरून मऊ केला आणि वाफेवर धरून वाकवला. वाकताना मी अशी कुरकुर केली की म्हाताऱ्याने मला शिवी हासडली आणि पुन्हा वाफेवर धरलं. त्यानंतर कित्येक उन्हाळे मी डोंगरावरच्या कुरणात काढले. खाली घोड्यांचं खिंकाळणं, आत चहाचा धूर, वर चांदणं. चैन होती नुसती!

पुढे लोक विटांच्या घरांत राहायला गेले, वर पत्रे आले, आणि मी कोठारात भिंतीला टेकून बसलो. शेजाराला कोंबड्या. कोंबड्यांना माझा मान काय ठाऊक! त्या माझ्यावर बसून काय करायच्या ते चार माणसांत सांगण्यासारखं नाही.

तरी गावाला माझी गरज पडायचीच. आमच्याकडे कुणी गेलं की पहिल्यांदा अंगणात नमद्याचं घर उभं राहतं. मयत त्यात ठेवतात. बायका आत भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याचे गुण सुरात गाऊन रडतात. पुरुष बाहेर काठीवर वाकून हंबरडा फोडतात. हे झाल्याशिवाय माणूस मातीला जात नाही. गावात जुनी घरं फारशी उरली नव्हती, तेव्हा बोलावणं मलाच यायचं. कुणाच्या रडण्यात खरं पाणी आहे आणि कोण तळलेल्या बोरसोकांच्या थाळीकडे डोळा ठेवून गळा काढतंय, हे वरून फार छान दिसतं.

मला उचलायचं काम पुरुषाचं. घरातला तगडा माणूस मधोमध उभा राहतो, बेचक्याच्या लांब काठीवर मला डोक्याच्या वर तोलून धरतो, आणि बाकीचे चहूबाजूंनी वासे आणून माझ्या भोकांत खोवतात. वासे बसेपर्यंत माझा सगळा भार त्या एका काठीवर आणि त्या एका माणसावर. खरं सांगू? इतक्यांदा उचललं मला, पण त्या वेळी अजूनही धडकी भरते.

सादिर आणि बुरुलचं लग्न माझ्याखालीच लागलं. सादिर म्हणजे हसरा, बडबड्या, धाकटा म्हणून लाडावलेला. बुरुल अगदी उलट. आमच्याकडची सून सासरच्या थोरांची नावं घेत नाही आणि त्यांच्यासमोर आवाज चढवत नाही, हे खरं. पण बुरुलचा आवाज मुळी निघायचाच नाही. थोरला दीर मुकाश, त्याला ती "थोरले" म्हणायची. नवऱ्याचंही नाव घ्यायची नाही. तो शहरात बेकरीत कामाला होता, म्हणून "आमचे पाववाले". कुत्रं भुंकलं की दचकायची, ढग गडगडले की दचकायची, आणि सासू झुराकान आपा नुसती खाकरली तरी हातातला वाडगा खाली ठेवायची. आपा म्हणायची, "ही सून आणली की ससा आणलाय घरी?"

सादिर शहरातून परत आला तो वेगळाच होऊन. पाहुण्यांसाठी मला अंगणात उभारलं होतं, तेव्हा त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "मी येशूला धरलंय. लपवून ठेवणार नाही."

मुकाशने चहाचा वाडगा खाली आपटला. "शहरात पाव भाजायला गेला होतास की बापजाद्यांचा धर्म भाजायला?"

"दादा, रागावू नकोस," सादिर म्हणाला. "बाबा गेले तेव्हापासून मला झोप नव्हती, तुला ठाऊक आहे. अंधार पडला की छातीत घण पडायचे. वाटायचं, आता मीही मरणार. बेकरीच्या मालकाने माझ्यासाठी प्रार्थना केली. मला हसूच आलं. पण झोप लागली, दादा. सकाळी विचारलं, कुणाला सांगितलंस रे माझं नाव? तर म्हणाला, येशूला. मग मीच सांगायला लागलो."

"झोपेच्या गोळ्या मिळत नव्हत्या का?"

सादिर हसला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "वर बघ की. आपल्या डोक्यावर आजोबांनी क्रूसच घालून ठेवलाय."

"आजोबांच्या तुंदुकाला मध्ये आणू नकोस!"

इथे मुकाशचं बरोबर होतं. माझ्या पट्ट्या एकमेकींना छेद देतात त्या वरचा नमदा पेलायला. उगाच माझ्यावर कुणी काही लादू नये.

त्यानंतर मुकाश भावाशी बोलेनासा झाला. सादिरने गावात पावाची भट्टी घातली होती, तिच्यातला पाव काही घरांनी घेणं सोडलं. सादिर तरी रस्त्यात भेटेल त्याला हाक मारायचा, उत्तर मिळो न मिळो.

आता एक गुपित सांगतो, जे फक्त मला, सादिरला आणि कोंबड्यांना ठाऊक होतं. बुरुलनेही येशूला धरलं होतं. अंडी काढायच्या निमित्ताने ती कोठारात यायची, दार लोटून घ्यायची आणि पेंढ्यावर गुडघे टेकायची. तोंडातून शब्द असे निघायचे की कोंबडीसुद्धा उठायची नाही. "येशू, मी तुझी आहे. पण मला कुणासमोर म्हणता येत नाही. जीभ उचलत नाही. मूलबाळ नाही, माहेरी कुणी उरलं नाही. आपांनी घराबाहेर काढलं तर मी कुठे जाऊ?" मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसून, अंडी घेऊन निघून जायची. मला तिची फार दया यायची.

एकदा सादिर मागोमाग आला. म्हणाला, "तू स्वतःवर का चिडतेस? तुला हाक देवाने मारली, घाई करणारा मी कोण?"

"तुम्हाला भीती वाटत नाही. तुम्हाला काय कळणार!"

"मला? अगं, मी तर भित्र्यांचा सरदार. भीती वाटली ना, की तीच त्याला सांगायची. भीती सांगायला काही धाडस लागत नाही."

मग सादिर आजारी पडला. आजार पोटाचा होता आणि फार पुढे गेलेला. बोलत नसलेला मुकाशच त्याला गाडीत घालून इस्पितळात न्यायचा, वाटेत एक शब्द न बोलता. पाठीखाली उशी मात्र तोच सारखी करायचा. राजम्याच्या शेंगा शेतात वाळत होत्या, अख्खं गाव झोडणीत गुंतलं होतं, त्या दिवसांत एका सकाळी घरातून झुराकान आपांचा हंबरडा ऐकू आला आणि मी समजलो.

दुपारपर्यंत अंगणात माणसं जमली. मुकाशने मला कोठारातून काढलं, बाहीनेच माझ्यावरची घाण पुसली आणि अंगणात आडवं ठेवलं. जाळ्या आल्या, वासे आले. मुकाशने बेचक्याची काठी हातात घेतली, तेवढ्यात असानाली आता पुढे झाले. हे गावातले सगळ्यांत वडीलधारे; आमच्याकडे थोर बाईला 'आपा' म्हणतात, तसं थोर पुरुषाला 'आता'. कब्रस्तानात कुणाला कुठे जागा, हे तेच ठरवायचे. माणूस वाईट नव्हे. सादिरला त्यांनी मांडीवर खेळवलेलं.

"थांब मुकाश," ते म्हणाले. "हे उभारण्याआधी एक गोष्ट साफ होऊ दे. पोराने धर्म सोडला होता. तसाच गेला असेल तर आपल्या मातीत त्याला जागा देता येणार नाही. मी दिली तरी लोक देऊ देणार नाहीत. पण शेवटच्या घटकेला माणूस वळतो. जवळ सून होती. तिला विचारा."

बुरुलला बाहेर आणलं. काळा रुमाल, खाली मान, पोरीचे ओठसुद्धा पांढरे पडलेले. अंगण भरून पुरुष उभे.

असानाली आता मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तुला बोलायला लावत नाही. शेवटी त्याने कलमा म्हटला ना? नुसती मान हलव. पुढचं सगळं मी बघतो."

बुरुलची मान हलेना.

मुकाश तिच्याजवळ गेला. एवढा दांडगा माणूस, पण तिच्यापुढे वाकला. "बुरुल, अगं, हलव ना मान. तुझ्या पाया पडतो. बाबांच्या शेजारी जागा आहे त्याला. तिथे नाही तर कुठे नेऊ मी माझ्या भावाला? नाल्यात टाकू? एवढीशी गोष्ट. देवसुद्धा रागावणार नाही."

मी जमिनीवर पडल्या पडल्या तिचे पाय बघत होतो. एक पाऊल मागे सरकलं. मला वाटलं, हलवणार आता मान. आणि हलवली असती तर मी तिला दोष दिला नसता. अंगणातला एकही माणूस तिचं वाईट चिंतत नव्हता. सगळे तिला वाचवायलाच बघत होते, हीच तर पंचाईत होती! एक मान हलवली की नवऱ्याला माती मिळत होती, तिला घर मिळत होतं, आणि तिचं स्वतःचं गुपित पुन्हा कोंबड्यांपाशी राहत होतं.

तिचे ओठ हलले. तो कोठारातलाच सूर. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "येशू, मला फार भीती वाटते. फार वाटते. तू बोल, नाहीतर मला बोलू दे."

मग तिने मान वर केली.

"सादिरने कलमा म्हटला नाही," ती म्हणाली. नवऱ्याचं नाव! सगळ्या थोरांसमोर! "सादिर म्हणाला, 'येशू, मी आलो. हिला सांभाळ.' माझा हात धरून म्हणाला. मी त्याच्यावर खोटं घालणार नाही, थोरले. मला माफ करा. आणि... आणि मीही येशूचीच आहे. इतके दिवस तुम्हाला भ्यायले म्हणून बोलले नाही. भीती अजून वाटते. पण आहे मी त्याची."

असानाली आतांनी डोळे मिटले. "पोरी, पोरी, हे काय केलंस," एवढंच म्हणाले, आणि जड पावलांनी फाटकाबाहेर पडले. त्यांच्यामागे एकेक करून सगळे. कुणी शिवी दिली नाही, कुणी थुंकलं नाही. नुसते गेले. मुकाशने काठी फेकून दिली. "घे! कर आता काय करायचं ते! तुझ्या येशूला सांग तुंदुक उचलायला!" म्हणून कोठाराच्या भिंतीला डोकं लावून तो ढसाढसा रडायला लागला.

आणि दारात झुराकान आपा उभी. तिने सगळं ऐकलं होतं. ती पायरी उतरून आली तेव्हा बुरुलने अंग चोरून घेतलं. आता ही हात धरून फाटकाबाहेर काढते, असं मलाही वाटलं.

"तुझ्याशी मी भांडणार आहे," आपा म्हणाली. "कडाडून भांडणार आहे. पण नंतर. माझं पोर आत घरात पडलंय. त्याला घर हवंय. जाळी धर."

सासू-सुनांनी जाळ्या ताणल्या, गोल बांधल्या. ते बायकांना येतंच. पण मग वेळ माझी आली. बुरुलने काठी उचलली, बेचकं माझ्या पट्टीत अडकवलं. मुकाशने पाहिलं, पण जागचा हलला नाही. बाईने तुंदुक उचललेला मी जन्मात पाहिला नव्हता. मी ओरडणारच होतो, बाई गं, मी जड आहे, भूर्जाचा आहे, डोक्यात पडेन!

तिने उचललं. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत, मग एकदम वर. काठी अशी थरथरत होती की मला आकाश हलताना दिसलं. खालून तिचा आवाज आला, आणि या वेळी कुजबुज नव्हती, अंगणभर ऐकू जाईल असा होता. "येशू, हात कापतायत! कापू देत. सुटू देऊ नकोस!"

आपाने पहिला वासा खोवला. मग धापा टाकत पलीकडे गेली, दुसरा खोवला. म्हातारीची चाल ती, तिसऱ्यापर्यंत मी एका अंगाला कलायला लागलो. बुरुलच्या मनगटांवरच्या शिरा तटतटल्या. "येशू, सुटू देऊ नकोस," एवढं एकच ती म्हणत होती.

चौथा वासा दणकन बसला. तो मुकाशने बसवला होता. नाक ओढत, कुणाकडे न बघता तो गोल फिरला, पाचवा, सहावा, दहावा. सगळे वासे बसल्यावर त्याने बुरुलच्या मुठीतून काठी काढून घ्यायला हात घातला, तर तिची बोटं उघडेनात. एकेक बोट त्याला सोडवावं लागलं. "सोड," तो म्हणाला, "उभा राहिलाय."

सादिरला माझ्याखाली ठेवलं. आता रडायला कोण येणार? एकट्या सासूसुनेचं रडणं म्हणजे काय रडणं! इतक्यात फाटकातून कालिपा आपा आली, पिठाचे हात तसेच, बाह्या वर सारलेल्या. ही असानाली आतांचीच बायको. मागून तिच्या नवऱ्याची हाक येत होती. ती वळून म्हणाली, "कबर कुठे खणायची ते तुम्ही पुरुष ठरवा. रडणं आमचं आहे. पोराला मी जन्मताना पाहिलंय, जाताना नको पाहू?" ती आली तशी शेजारीण आली, मग आणखी चौघी. बाहेर काठीवर वाकून एकटा मुकाश रडत होता, "माझ्या पाठच्या भावा, माझ्या पाठच्या भावा" म्हणून. एकटा होता, पण दहा जणांचं रडला.

दुसऱ्या दिवशी शहरातून बेकरीवाला आणि त्याच्या मंडळीतले लोक आले. मुकाशने स्वतःच्या कुरणाच्या कडेला, जर्दाळूच्या झाडांखाली कबर खणली. त्यांनी गाणं म्हटलं. बुरुल त्यांच्यात उभी राहून मोठ्याने गायली. सुरात नव्हती, पण मोठ्याने.

भांडण म्हणाल तर आपाने कबूल केल्याप्रमाणे ते केलं. चांगलं हप्ताभर चाललं. "मला का नाही सांगितलंस? मी काय वाघीण होते?" "होतात." "होते तर होते, म्हणून सांगायचं नाही?" शेवटी दोघीही दमल्या आणि चहा प्यायल्या. बुरुल तिथेच राहिली. सादिरची भट्टी आता ती पेटवते. प्रार्थना मात्र कोठारात नाही, स्वयंपाकघरात करते, खिडकी उघडी ठेवून. आपा समोर बसून म्हणते, "आवर लवकर, चहा निवतोय." ससा वाघ झाला असं काही समजू नका. कुत्रं भुंकलं की अजून दचकते. दचकते आणि येशूचं नाव घेऊन पुढे चालायला लागते, एवढाच काय तो फरक.

मला मात्र गावाने बोलावणं सोडलं. कुणी गेलं की नदीपलीकडच्या गावातून घर मागवायचे. ख्रिस्ती मयत ठेवलेला तुंदुक आपल्या अंगणात कसा आणायचा, म्हणून. मला वाईट वाटलं, का खोटं बोलू? मी यांच्या तीन पिढ्या वरून सांभाळल्या होत्या.

आज सकाळी फाटक वाजलं. बुरुलने उघडलं तर असानाली आता उभे. टोपी हातात, दाढी ओली.

"म्हातारी गेली," ते म्हणाले.

बुरुलने तोंडावर हात घेतला आणि तिथेच रडायला लागली. असानाली आतांनी तिचं रडणं बघितलं. मग म्हणाले, "तुंदुक न्यायला आलोय. लोक म्हणाले, नदीपलीकडून आणू. मी म्हटलं, नको." टोपी डोक्यावर चढवत म्हणाले, "आणि तूही चल. आत बसून तिचं गाणं तू म्हण. खोटं रडणाऱ्या गावात पुष्कळ आहेत, पोरी. माझ्या कालिपासाठी मला एक तरी खरी हवी."

मुकाशने मला उचललंय आता, वासे सगळे बसलेत. खाली कालिपा आपा निजलीय. बायकांच्या रांगेत बुरुल भिंतीकडे तोंड करून बसलीय. हात मांडीवर, आणि हात कापतायत. तिने पहिली ओळ उचलली, तसं बाहेर काठीवर वाकलेले असानाली आता पोरासारखे हुंदके द्यायला लागलेत. आता मला बोलायला वेळ नाही. तुम्ही आत येत असाल तर वाकून या, दार बुटकं आहे. आणि खरं रडू येत नसेल तर नुसते बसा, तेही चालतं.